गावच्या प्रदर्शनासाठी आठवणी गोळा करताना: आपापले अनुभव लिहा

सांजझोका: आखाजीचे (आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया) झोके बांधले गेले आणि लक्षात आलं, गाणी पाठ असणाऱ्या आज्या आता मोजक्याच उरल्यात. गावातल्या एका खोलीत वस्तू आणि आठवणी मांडायच्या आहेत. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी काय बिघडतं तेही सांगा. "छान उपक्रम" नको.

तापीकाठ: आठवणी रेकॉर्ड करताना मोबाईल फ्लाइट मोडवर, टॉवेलच्या घडीवर, बोलणाऱ्यापासून वीतभर. स्टीलच्या ताटलीवर ठेवला की बांगड्यांचाच आवाज येतो. पंखा बंद हवा, म्हणून मे महिन्यात सकाळी ७ ला जा. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो: तासाला साधारण ३४५ एमबी. आधी जागा तपासा. दोन ठिकाणी कॉपी, त्याच दिवशी.

केळीचा घड: साल विचारू नका, कोणी सांगत नाही. "बहात्तरच्या दुष्काळात पोरगं केवढं होतं?" असं विचारा. नंदुरबारकडे १ जुलै १९९८ ची खूण चालते, जिल्हा वेगळा झाला ती.

लेवा_कट्टा: रेकॉर्डिंग कागदावर उतरवताना बोली "शुद्ध" करू नका. "शे", "ऱ्हायना" तसंच ठेवा, प्रमाण मराठी खाली लहान अक्षरात. तासाभराच्या बोलण्याला टायपिंगचे ५-६ तास धरा, अहिराणीला (खानदेशातली बोली) जास्तच. आणि यावल-रावेरकडची लेवा बोली वेगळी, सगळ्याला अहिराणीची पाटी लावू नका.

धुळेकर: @लेवा_कट्टा बहिणाबाईंची तीच ना?

लेवा_कट्टा: हो, असोद्याच्या.

खापरवाली: वस्तू घेताना पावती द्याच. मालक, मोजमाप, आधीपासूनचे तडे, परत करायची तारीख, सोबत फोटो. मांड्याचं खापर (मांडे भाजायचं मातीचं भांडं) वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवलं तर कड उडते. पालथं ठेवा, खाली गोधडी, वर काही नाही.

पेटीतलं_लुगडं: जुनं लुगडं घडीवर फाटतं. मलमल गुंडाळलेल्या जाड नळीवर गुंडाळा, जरीची बाजू आत नको. कसर असेल तर पिशवी घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये, उणे २० अंश सेल्सिअसवर. लाईट जाणाऱ्या घरच्या फ्रीजरवर भरवसा नको, मधे वितळलं की अळ्या वाचतात. डांबरगोळ्या कापडाला चिकटवून ठेवू नका. उजेड ५० लक्सच्या (उजेडाचं माप) आत, म्हणजे मंदच.

तापीकाठ: फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. लॅमिनेशन नाही म्हणजे नाही. मागे नाव पेन्सिलीने, हलक्या हाताने. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चेपतो.

धुळेकर: संमतीचा कागद? अंगठा चालेल का?

केळीचा घड: चालतो, पण आधी वाचून दाखवा आणि ते वाचणंही रेकॉर्ड करा. नाव लावायचं की नाही, आवाज ऐकवायचा का, नंतर मागे घेता येईल का, एवढे तीन प्रश्न वेगवेगळे. सुना-सासऱ्यांच्या गोष्टी निघतात, म्हणून घरच्यांना बाहेर बसवा.

खापरवाली: चहाच्या निमित्ताने 😄

सांजझोका: सगळं टिपलं. भरिताची बडगी (वांगी ठेचायचं लाकडी भांडं) कोणी दिली तर? तेलाने चिकट असते.

पेटीतलं_लुगडं: कोरड्या मऊ ब्रशने, साबण नको, पाण्यात बुडवू नका. लाकूड तडकतं. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या.

धुळेकर: बडगी आली की भरीत करूनच बघा ना, वांगी पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळल्या काड्या) भाजून.

खापरवाली: प्रदर्शनातल्या बडगीत?? हात लावून दाखवा.