फ्रीसिंक चालू असूनही चित्र फाटतंय? रेंज बघा

गेम खेळताना चित्र फाटतं, म्हणजे दोन फ्रेमचे (गेमच्या एकेका चित्राचे) तुकडे पडद्यावर एकदम दिसतात, तेव्हा काय करायचं असा प्रश्न एकाने विचारला होता. व्ही-सिंक (मॉनिटरची वेळ येईपर्यंत फ्रेम रोखून धरणारी सेटिंग) चालू केलं की प्रश्न मिटला, असं उत्तर काहींनी दिलं. चित्र फाटायचं थांबतं हे खरं, पण माउसला जो उशीर जाणवायला लागतो तो शूटिंगच्या गेममध्ये अगदी नकोसा होतो. त्यापेक्षा दुसऱ्यांनी सुचवलेलं फ्रीसिंक (गेमच्या फ्रेम येतील तसा मॉनिटर आपला वेग बदलतो ती सोय) मला जास्त पटतं. फक्त फ्रीसिंकला रेंज असते, म्हणजे सेकंदाला ठराविक फ्रेमच्या दरम्यानच ते चालतं, हे त्यांच्यापैकी कुणी सांगितलेलं नाही. बऱ्याच स्वस्त ७५ हर्ट्झ (सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरवर ती ४८ ते ७५ असते. फ्रेम त्याच्या वर किंवा खाली गेल्या की चित्र परत फाटू शकतं. महागड्या मॉनिटरवर फ्रेम कमी पडल्या तर एकच फ्रेम दोनदा दाखवून वेळ निभावतात, पण ४८ ते ७५ च्या रेंजमध्ये फ्रेम ४५ वर आल्या तर त्याची दुप्पट ९० होते, ती ७५ मध्ये बसणार कशी?

माझा मॉनिटर याच रेंजचा आहे. मी फ्रेमची मर्यादा ७२ वर बांधलीय आणि सावल्यांची क्वालिटी उतरवून फ्रेम ५० च्या खाली जाऊ देत नाही. तेव्हापासून चित्र स्वच्छ आहे. हो, आणि मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमध्ये फ्रीसिंक चालू आहे ना, तेही बघा. अनेक मॉनिटरवर ते बंदच येतं.