मॅग्नेशियमचा रिव्ह्यू: फिक्स्डने ०.९९, रँडमने ०.६६. कुठला आकडा धरायचा?

पीजी_मेडिसिन
जर्नल क्लबला हार्ट अटॅकमध्ये शिरेतून मॅग्नेशियम देण्यावरचा कोक्रेनचा २००७ चा सिस्टिमॅटिक रिव्ह्यू मांडायचा आहे. मृत्यूसाठीचा एकत्रित ऑड्स रेशो (दोन गटांतल्या मृत्यूच्या शक्यतांचं गुणोत्तर; १ म्हणजे फरक नाही, १ पेक्षा कमी म्हणजे फायदा) फिक्स्ड इफेक्टने, म्हणजे सगळ्या ट्रायल्समधला खरा परिणाम एकच धरून, ०.९९ येतो (९५ टक्के विश्वास-मर्यादा ०.९४ ते १.०४) आणि रँडम इफेक्ट्सने, म्हणजे तो ट्रायलगणिक वेगळा धरून, ०.६६ (०.५३ ते ०.८२). आय-स्क्वेअर (ट्रायल्सच्या निकालांतल्या तफावतीचं माप) ५० टक्क्यांच्या वर गेला की रँडम वापरायचं, असं आम्हाला शिकवलंय. तो नियम लावला तर मॅग्नेशियमने मृत्यू घटतात असं म्हणावं लागेल. पण वॉर्डात तर कुणी देत नाही. चूक कुठे होतेय?

आकडेमोड
त्या नियमातच आहे. आय-स्क्वेअर पाहून मॉडेल निवडू नये. रँडम मॉडेल लावल्याने हेटरोजेनिटी (निकालांतली तफावत) नाहीशी होत नाही, फक्त ट्रायल्सचं वजन नव्याने वाटलं जातं. ते कसं, हे एकदा हाताने करून बघा.

आयसिस-४ या मोठ्या ट्रायलमध्ये (१९९५) ५८,०५० रुग्ण होते. मॅग्नेशियमच्या गटात २२१६ मृत्यू, दुसऱ्या गटात २१०३, म्हणजे ७.६४ विरुद्ध ७.२४ टक्के. लॉग ऑड्स रेशोचा व्हेरिअन्स (अनिश्चिततेचं माप) साधारण ०.००१ येतो. आता एक छोटी काल्पनिक ट्रायल घ्या: ५० मध्ये ३ मृत्यू विरुद्ध ५० मध्ये ७. तिचा व्हेरिअन्स ०.५२. फिक्स्ड मॉडेलमध्ये वजन म्हणजे एक भागिले व्हेरिअन्स, म्हणून आयसिस-४ चं वजन तिच्या ५२० पट. रँडममध्ये दोन्हीकडे टाउ-स्क्वेअर (ट्रायल्स-ट्रायल्समधला व्हेरिअन्स) मिळवतात. तो समजा ०.१ असेल, तर ०.१०१ आणि ०.६२. आता आयसिस-४ चं वजन जेमतेम सहापट उरलं. अशा सात छोट्या ट्रायल्स एकत्र आल्या की अठ्ठावन्न हजार रुग्ण मागे पडतात.

हे वाटप योग्य ठरायला एक अट आहे: ट्रायलचा आकार आणि तिचा निकाल यांचा परस्पर संबंध नसावा. इथे नेमका तो आहे. १९९१ चं मेटा-अ‍ॅनालिसिस सात ट्रायल्सचं, १३०१ रुग्णांचं होतं, ऑड्स रेशो ०.४४. सगळे मिळून मृत्यू फक्त ७८! आठ टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आलेली मृत्यूची घट ८० टक्के पॉवरने (म्हणजे खरा फरक हाती लागण्याची शक्यता ८० टक्के ठेवून) पकडायला एकाच ट्रायलमध्ये सुमारे ५१०० रुग्ण लागतात. लिमिट-२ ट्रायलमध्ये (१९९२) २३१६ रुग्ण होते, मृत्यू २४ टक्के कमी. मग आयसिस-४, फायदा शून्य. रुग्णसंख्या वाढेल तसा परिणाम विरत गेला. फॉरेस्ट प्लॉटमधल्या (प्रत्येक ट्रायलचा निकाल एका ओळीत दाखवणारा आलेख) ओळी वजनाच्या क्रमाने लावा, डोळ्यांनाच दिसेल.

दोन मॉडेल्सची उत्तरं अशी फाकतात तेव्हा सरासरी काढत बसू नका. मोठ्या, कमी बायसच्या ट्रायल्स वेगळ्या घेऊन काय उरतं ते पाहा. माझा कौल निःसंशय ०.९९ कडे.

सीसीयू_रात्रपाळी
वरचं सगळं मान्य, पण वैद्यकीय आक्षेपाचंही उत्तर तयार ठेवा, कारण तो विचारला जाणारच. आयसिस-४ मध्ये दुखणं सुरू झाल्यापासून २४ तासांपर्यंतचे रुग्ण घेतले होते आणि बहुतेकांना आधी थ्रोम्बोलिसिस (रक्ताची गुठळी विरघळवण्याचा उपचार) झालं होतं. 'उशिरा दिलं म्हणून उपयोग झाला नाही' हा युक्तिवाद तेव्हा गांभीर्याने मांडला गेला आणि तो तपासण्याजोगा होताच. म्हणूनच मॅजिक ट्रायल झाली (२००२): जास्त जोखमीचे ६२१३ रुग्ण, मॅग्नेशियम लवकर सुरू. तीस दिवसांतले मृत्यू १५.३ विरुद्ध १५.२ टक्के. त्यानंतर वेळेचा मुद्दा टिकत नाही.

ग्रंथशोध
फनेल प्लॉट (ट्रायलचा निकाल आणि तिचा आकार यांचा आलेख) एका बाजूला कलला म्हणजे पब्लिकेशन बायसच (प्रतिकूल निकाल छापलेच न जाणं), असं स्लाइडवर लिहू नका. छोट्या ट्रायल्समध्ये अ‍ॅलोकेशन कन्सीलमेंट (पुढचा रुग्ण कुठल्या गटात जाणार हे लपवणं) ढिलं असतं, रुग्ण वेगळे असतात, कधी निव्वळ योगायोगही असतो. दहापेक्षा कमी ट्रायल्स असतील तर फनेलच्या चाचण्या करूच नयेत. शिवाय ऑड्स रेशोसाठी फनेलचा कल तपासणारी एगरची चाचणी खोटा इशारा देऊ शकते, कारण तिथे लॉग ऑड्स रेशो आणि त्याची स्टँडर्ड एरर मुळातच जोडलेली असतात. त्याऐवजी हार्बर्ड किंवा पीटर्सची चाचणी वापरा.

रिव्ह्यूची पारख अ‍ॅमस्टार-२ या प्रश्नावलीने करा. त्यात १६ प्रश्न आहेत, पैकी ७ कळीचे. गुणांची बेरीज करू नका. कळीच्या एका जागी दोष निघाला तरी एकूण भरवसा 'कमी' ठरतो. प्रिझ्मा मात्र पारखायचं साधन नव्हे, ती अहवाल कसा लिहावा याची यादी आहे. जर्नल क्लबमध्ये ही गल्लत सर्रास होते. आणि शोध कुठे घेतला ते वाचताना नुसती डेटाबेसची नावं मोजू नका. ट्रायल रजिस्ट्री पाहिल्या का ते बघा. अलीकडच्या विषयांत भारतीय ट्रायल्स असतील तर सीटीआरआय (भारताची ट्रायल रजिस्ट्री), कारण २००९ पासून तिथे नोंदणी सक्तीची आहे.

पीजी_मेडिसिन
आभार, सर्वांचे. शेवटच्या स्लाइडवर नेमकं काय ठेवू?

आकडेमोड
दर हजारी आकडे. आयसिस-४ मधल्या दुसऱ्या गटाचा दर धरला तर मॅग्नेशियमशिवाय हजारात ७२ मृत्यू. फिक्स्डनुसार मॅग्नेशियम देऊनही ७२ (६८ ते ७५), रँडमनुसार ४९ (४० ते ६०). दोन्ही शेजारी ठेवा आणि खाली आयसिस-४ व मॅजिकचे प्रत्यक्ष आकडे द्या. रँडमच्या आकड्याला ग्रेड (पुराव्याच्या खात्रीची पातळी) लावताना विसंगतीसाठी एक पायरी आणि छोट्या ट्रायल्सच्या बायससाठी आणखी एक पायरी उतरवावी लागेल.

सीसीयू_रात्रपाळी
एक दुरुस्ती आधीच करून ठेवा. 'मॅग्नेशियम निरुपयोगी' असा मथळा नको. निष्कर्ष हार्ट अटॅकमध्ये मृत्यू टाळण्यासाठी सरसकट देण्यापुरता आहे. टोर्साडमध्ये (हृदयाच्या ठोक्यांची एक जीवघेणी गडबड) ते द्यावंच लागतं, आणि प्री-एक्लॅम्पसियामध्ये (गरोदरपणातला उच्च रक्तदाबाचा विकार) मॅगपाय ट्रायलने (२००२, दहा हजारांहून अधिक स्त्रिया) झटक्यांचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाल्याचं दाखवलंय. तो निकाल एकाच मोठ्या ट्रायलचा आहे, हेही सांगा.