बॉनेट उघडलंय, पुढे काय?

(घरचा ग्रुप, रविवारची दुपार. ओंकार आणि मुग्धा स्कॉटलंडमध्ये एडिंबरोहून भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन ग्लेन्कोला गेलेत. तिकडे सकाळचे आठ.)

ओंकार: [फोटो] बॉनेट उघडलंय. गाडीवाल्यांनी बजावलंय, ५०० मैल झाले की तेल-पाणी बघा. बघतोय, पण सगळीकडे काळं प्लॅस्टिक. विलासकाका, आहात का?

सुलभाआत्या: केवढी गाडी रे! आत ओटासुद्धा आहे म्हणे?

विलासकाका: जेवत होतो. हात धुऊन आलो. इंजिन गार आहे ना? किल्ली खिशात घाल आणि झाकणांचे फोटो जवळून काढ. लांबून काढलेल्या फोटोत सगळी इंजिनं सारखीच.

मुग्धा: रात्रभर उभी आहे काका, आम्हीच गारठलोय. इथे मिजेस नावाची चिलटं आहेत, कचकचून चावतात. ओंकार एका हाताने फोटो काढतोय, दुसऱ्याने मान खाजवतोय.

ओंकार: [फोटो] [फोटो] [फोटो] फियाट डुकाटो आहे, २.३ मल्टिजेट, १४० हॉर्सपॉवर.

विलासकाका: मल्टिजेट म्हणजे आपल्या स्विफ्टचंच की! तिचं १.३ डिझेल इंजिन मूळचं फियाटचं.

प्राजक्ता: बाबा, आडनाव एक, घराणं वेगळं. हे २,२८७ सीसीचं, इवेको डेली व्हॅनच्या कुळातलं. स्विफ्टसारखं समजू नका.

विलासकाका: बरं, चाकणच्या बाई. इंजिनाला चार सिलिंडर आणि खाली तेल असतं एवढं तरी खरं ना? ओम्या, पिवळं कडं दिसतंय? तो तेल मोजायचा गेज. उपस, फडक्याने पूस, पूर्ण आत घाल, परत उपस आणि आडवा धरून फोटो टाक. शेजारी तेलाच्या बुधल्याचं चित्र असलेलं झाकण आहे ना, ते तेल ओतायचं. त्याला अजून हात लावू नको.

ओंकार: [फोटो] काका, तेल मॅक्सच्या वर आहे. बोटभर वर!

विलासकाका: वर? इंजिन तेल खातं. तेल वाढताना मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. पाणी उतरलंय का बघ, रंग ताकासारखा आहे का?

ओंकार: नाही, काळंकुट्ट.

प्राजक्ता: हल्लीच्या डिझेलमध्ये वाढू शकतं, बाबा. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवायला डीपीएफ फिल्टर असतो. तो तापवून काजळी जाळायची म्हणून सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जास्तीचं डिझेल सोडतात. गाडी नुसती पाच-पाच मैल फिरवून मध्येच बंद केली की जाळणं अर्धवट राहतं, आणि ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. ओंकार, गेजचा वास घे. डिझेलचा येतोय?

ओंकार: मला सगळ्याचाच डिझेलचा वास येतोय.

विलासकाका: थांबा. मुग्धा, ओट्यावर एका ताटलीत पाणी घालून ठेव बरं.

मुग्धा: [फोटो] सगळं पाणी एका कडेला! तरीच मी रात्रभर घरंगळत ह्याच्या अंगावर जात होते.

विलासकाका: मग गेज खरं कसं बोलेल? गाडी एका अंगाला कललीय, तेल त्या अंगाला साचलंय. सपाटीवर ने, इंजिन बंद कर, दहा मिनिटं थांब आणि मग बघ. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचो: आधी जमीन बघ, मग गेज बघ.

प्राजक्ता: हे मान्य. माझ्या डोक्यातच आलं नाही.

(पंचवीस मिनिटांनी)

ओंकार: [फोटो] गाव ओलांडून सपाट पार्किंगमध्ये आलो. दहा मिनिटं मोजून थांबलो. आता दोन खुणांच्या मध्ये आहे, मॅक्सच्या जरा खाली.

विलासकाका: झालं. थेंबभरही घालायचं नाही.

ओंकार: आता बाकीचं सांगा ना, उघडलंच आहे तर.

विलासकाका: दुसरा फोटो बघ. पांढरट डबा, आत गुलाबी पाणी, अंगावर मिन-मॅक्स. ते इंजिन गार ठेवणारं कूलंट. इंजिन गरम असताना ते झाकण उघडलंस तर हात भाजून घेशील. आता नुकताच चालवून आलायस, लांबूनच बघ. कमी असलं तरी नळाचं पाणी नको, त्याच जातीचं कूलंट लागतं. मागे काचेकडे छोटी पिवळट बाटली, ते ब्रेक ऑइल. ते खाली गेलं असेल तर भरून पुढे निघायचं नाही, गाडीवाल्याला फोन करायचा. मोठ्या चौकोनी खोक्यात एअर फिल्टर, त्यातून हाताएवढा जाड निघालेला पाइप टर्बोकडे जातो. टर्बोने दाबलेली हवा गरम होते, ती पुढे जाळीमागच्या इंटरकूलरमध्ये गार होऊन परत येते. त्या पाइपाची क्लिप निसटली तर चढावर गाडी मरगळते आणि मागे काळा धूर.

ओंकार: आणि इंजिनाच्या डोक्यावर चार बारीक लोखंडी नळ्या आहेत त्या?

विलासकाका: त्या सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या. एसटीत एखादा सिलिंडर मारत नसला की आम्ही इंजिन चालू ठेवून एकेक नट ढिला करायचो. जो ढिला केल्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. पाच मिनिटांत निदान.

प्राजक्ता: ओंकार, हे वाच आणि विसर!! ती कॉमन रेल आहे, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून प्रचंड दाबाखाली डिझेल मिळतं. तुझ्या टायरमध्ये चार-पाच बार हवा असेल, ह्या नळ्यांत डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. चालू इंजिनावर नट सुटला तर ती धार कातडी भेदून आत शिरते. बारीक टोचल्यासारखं वाटतं आणि बोट गमवावं लागतं. बाबा, तुमच्या काळी पंप वेगळा होता.

विलासकाका: पोरगी बरोबर बोलतेय. चालू इंजिनात तिथे बोट, फडकं, काहीही नेऊ नको.

ओंकार: नाही नेत. पण काका, बॅटरीच नाहीये!

मंदार: भाड्याच्या गाडीची बॅटरी चोरली 😂

प्राजक्ता: डुकाटोची बॅटरी बॉनेटखाली नसतेच. पॅसेंजरच्या पायाखाली, केबिनच्या फळीत. तुझ्याकडे म्हणजे मुग्धाच्या पायाशी. बॉनेटखाली लाल टोपीचा खुंट आहे बघ, दुसऱ्या बॅटरीवरून जंप द्यायची तर पॉझिटिव्ह तिथे लावायचा. आतले दिवे आणि पाण्याचा पंप ह्यांची बॅटरी अजून निराळी.

ओंकार: लाल टोपी सापडली. अजून एक, स्क्रीनवर अ‍ॅडब्लू भरा म्हणतोय. निळं झाकण समोरच आहे. त्यात ना?

प्राजक्ता: नाहीऽऽऽ. ते काच पुसायच्या पाण्याचं, त्यावर वायपरचं चित्र आहे बघ. तुझ्या गाडीला तीन निळी झाकणं असतील. बॉनेटखालचं वायपरचं, डिझेलच्या तोंडाशेजारी अ‍ॅडब्लूचं आणि कॅम्परच्या अंगावर पिण्याच्या पाण्याचं. प्रत्येक वेळी चित्र वाच, रंगावर जाऊ नको. अ‍ॅडब्लू डिझेलच्या टाकीत पडलं तर गाडी सुरू न करता सरळ फोन लावायचा.

सुलभाआत्या: हे अ‍ॅडब्लू काय असतं गं?

प्राजक्ता: शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया, आत्या. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मारायला. आपल्याकडे बीएस ६ गाड्यांत डीईएफ म्हणतात तेच. ते संपलं की गाडी एकदा बंद केल्यावर परत सुरू होत नाही.

सुलभाआत्या: हे विचारतायत, गोठ्यात दोन पोती पडलीत, पाठवू का?

प्राजक्ता: काकांना सांगा, पोत्यातला नीम कोटेड असतो. फवारणीचा नोझलच बसेल. 😄

ओंकार: बरं, बॉनेट लावलं. पंपावर अ‍ॅडब्लू घेतो आणि फोर्ट विल्यमला निघतो. काका, थँक्यू!

विलासकाका: ओम्या.

विलासकाका: शेवटच्या फोटोत फडकं इंजिनावर दिसतंय. काढलंस ना?

विलासकाका: ओम्या??

प्राजक्ता: फोन लावतेय. उचलत नाही.

(अकरा मिनिटांनी)

मुग्धा: [फोटो] थांबलो होतो. एका बाजूने काळं झालंय. आणि ते फडकं नव्हतं काका, माझा ताटं पुसायचा नवा टॉवेल होता.