फळ्यापासून स्क्रीनपर्यंत: कुठे आपटलात आणि मग काय बदललं?

नमस्कार मंडळी. शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. परवा एका प्रशिक्षणात पुन्हा ती तीन वर्तुळं बघितली, विषयाचं ज्ञान, शिकवण्याची हातोटी आणि तंत्रज्ञान, आणि तिन्ही एकमेकांवर येतात तो मधला इवलासा तुकडा म्हणजे टीपॅक. पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या शिक्षण-संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेलं, त्याच्या मुळाशी ली शुलमन यांची १९८६ ची मांडणी, विषय आणि तो शिकवण्याची हातोटी एकत्र बघणारी. चित्र बरोबरच आहे, पण त्या मधल्या तुकड्यात माणूस पोचतो कसा ते कोणी सांगत नाही. ते इथे लिहूया. ॲप्सच्या याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. तोंडघशी पडल्याचे किस्से आधी. सुरुवात मीच करतो.

मी विज्ञान शिकवतो. प्रोजेक्टर आला त्या वर्षी विद्युतधारेवर ६४ स्लाइडची पीपीटी केली, रात्री दीडपर्यंत जागून, अक्षरं गिरक्या घेत येणारी वगैरे. पूर्ण तासात मुलांकडून एकच वाक्य आलं, "सर, मागची स्लाइड लावा ना, उतरवायची राहिली." म्हणजे मी पुस्तकच भिंतीवर चिकटवलं होतं, फक्त जास्त वीज जाळून.

मग फेटची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, सापडली (नोबेलवाल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी चालतं). त्यात सर्किट जोडता येतं. दोन सारखे बल्ब एकसरीत जोडले आणि स्विच दाबायच्या आधी विचारलं, कुठला जास्त पेटेल? अर्ध्याहून जास्त हात पहिल्या बल्बला. का, तर "पहिला करंट खातो, उरलेला पुढच्याला मिळतो." नऊ वर्षं हा धडा शिकवत होतो आणि मुलांच्या डोक्यात हे आहे याचा मला पत्ताच नव्हता, कारण कधी विचारलंच नव्हतं! स्विच दाबला, दोन्ही सारखेच. अमीटर बल्बच्या अलीकडे लावला, पलीकडे लावला, आकडा तोच. तेव्हा मागून एक मुलगी म्हणाली, "मग बल्ब खातो तरी काय?" त्या एका प्रश्नावर पुढचे दोन तास गेले आणि ऊर्जा हा शब्द मला आधी उच्चारावाच लागला नाही.

आता गंमत. त्यात शॉर्ट सर्किट केलं की बॅटरीला आग लागलेली दिसते, त्यामुळे पहिल्या दिवशी अख्खा वर्ग बॅटऱ्या जाळत बसला आणि मी ओरडत बसलो. हल्ली पहिली पाच मिनिटं तेच काम देतो, जाळा काय जाळायचं ते, आणि मग कशामुळे पेटली ते सांगा. आणखी एक, वायरमधून धावणारे ते निळे गोळे मुलांना खरेच वाटायला लागतात, म्हणून शेवट नेहमी खरा सेल, खऱ्या वायरी आणि टॉर्चचा बल्ब घेऊन. तो पहिल्या झटक्यात कधीच पेटत नाही, कुठेतरी जोड सैल असतो. तेही बरंच आहे.

चला, पुढचे या.

गणित, पाचवी-सहावी

दादा, "विचारलंच नव्हतं" हे माझंही. माझ्या वर्गात एकच फोन, तोही माझा. प्लिकर्सची कार्डं छापून घेतली. प्रत्येक मुलाचं कार्ड वेगळ्या नक्षीचं, ते ज्या बाजूने वर धरेल ते त्याचं उत्तर, मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय म्हटलं ते कळतं आणि शेजाऱ्याचं बघून फायदा नाही. पहिल्यांदा कार्डं खराब होऊ नयेत म्हणून चकचकीत लॅमिनेशन करून आणली आणि ट्यूबलाइटच्या चकाकीमुळे निम्मी स्कॅनच होईनात. परत छापली. तरी चार उत्तरं कायम गायब, मग दिसलं की ती चार पोरं नक्षीवरच बोटं ठेवून कार्ड धरतात.

पहिला प्रश्न: ०.४५ मोठं की ०.६? बहुतेकांचं उत्तर ०.४५, कारण ४५ सहापेक्षा मोठे. मी लगेच समजावून सांगायला खडू उचलला होता, पण थांबले. हार्वर्डचे एरिक मझूर १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात करत आलेत ते केलं: बरोबर उत्तर सांगायचं नाही, शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन मिनिटं, आणि परत कार्डं वर. पटवायला निदान काहीजणांना तरी उत्तर येत असावं लागतं, साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तेव्हाच चर्चेला रंग चढतो. माझ्याकडे पहिल्या फेरीत बरोबर तीनच निघाले, त्यामुळे चर्चेत चूकच आणखी पक्की झाली :) मग दशांशांची पट्टी काढली, ०.६ म्हणजे ०.६० हे दाखवलं आणि तिसऱ्या फेरीला गाडी रुळावर आली.

भूमिती, नववी

जिओजेब्रा, म्हणजे आकृती काढून ती सरकवून बघता येते असं सॉफ्टवेअर. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियात साल्झबुर्गला शिकत असताना सुरू केलं, ही माहिती मी मुलांना आवर्जून सांगतो, त्यांना वाटतं असल्या गोष्टी आकाशातून पडतात. तर त्रिकोणाचा पाया तसाच ठेवायचा आणि वरचा बिंदू पायाला समांतर रेषेवरून सरकवायचा. त्रिकोण तिरका होतो, लांबुळका होतो, भलताच दिसतो, क्षेत्रफळाचा आकडा मात्र हलत नाही. उंची त्रिकोणाच्या बाहेर पडते तेव्हा तर वर्गात गलकाच.

पण पहिलं वर्षभर माउस माझ्याच हातात होता. मी सरकवतोय, मुलं सिनेमा बघतायत. परीक्षेत विशालकोन त्रिकोणाची उंची पुन्हा आतच काढलेली. मग माउस शेवटच्या बाकावर दिला आणि सांगितलं, आकडा बदलून दाखव. पोरगा दहा मिनिटं इरेला पेटला होता. सगळ्यांनी त्याला सल्ले दिले, शेवटी तोच वैतागून म्हणाला, "पाया आणि उंची दोन्ही तेच ठेवल्यावर बदलेल कसा?" मला एवढंच हवं होतं.

चित्रकला

माझा अनुभव छोटा आहे. नव्या कोऱ्या स्मार्टबोर्डवर पर्मनंट मार्करने सूर्योदय काढला. उपाय: त्यावरच साध्या व्हाइटबोर्ड मार्करने गिरवा आणि ओलं असतानाच पुसा, निघतं. मी मात्र आधी चार दिवस त्यावर कापड टाकून ठेवलं होतं.

भाषा, निवृत्तीला तीन वर्षं बाकी

मला माउस धरायचीसुद्धा भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. ही सगळी नावं वाचून अजूनही धडधडतं. मी फक्त फोनमधला रेकॉर्डर वापरते. मुलांनी उतारा मोठ्याने वाचायचा, स्वतः ऐकायचा, पटला नाही तर पुन्हा वाचायचा, आणि पटेल तोच मला द्यायचा. वर्गात अडखळतो म्हणून कधीच उभा न राहणारा एक मुलगा, त्याने अकरा वेळा केलं. अकरावं ऐकलं तेव्हा थांबे बरोबर, जोडाक्षरं बरोबर, एका ठिकाणी अडखळला तर तिथे स्वतःशीच "हं" म्हणून पुढे गेला. फळ्यासमोर मी त्याला अकरा वेळा कधी दिल्या असत्या? फक्त एक चूक करू नका, सगळ्यांची एकदम मागवू नका. मी चाळीस रेकॉर्डिंग ऐकत मध्यरात्रीपर्यंत बसले होते. आता रोज पाचजण.

विज्ञान (धागाकर्ता)

बाई, आमच्या सगळ्यांपेक्षा तुमचं पुढचं आहे. हा रेकॉर्डर मी उद्यापासून ढापतोय.

गणित, दहावी

माझं फसलेलं. उलटी वर्गखोली, म्हणजे व्हिडिओ घरी बघा, उदाहरणं वर्गात सोडवू. अमेरिकेतल्या बर्गमन आणि सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी २००७ च्या सुमारास तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली, त्यांचं वाचून मी बावीस मिनिटांचा व्हिडिओ केला. बघितला सहाजणांनी, त्यातल्या दोघांनी दुप्पट वेगाने. आधी मुलांवर चिडले, मग कळलं की घरातला फोन आईवडील परत आल्याशिवाय हातात येतच नाही आणि आला की त्याच्यावर दोन भावंडांचा हक्क. मग व्हिडिओ सहा मिनिटांचा केला आणि घरी पाठवायचा बंदच केला. वर्गातच कोपऱ्यात एक लॅपटॉप, पाचपाच मुलं आळीपाळीने बघून येतात, बाकीची उदाहरणं सोडवतात आणि मी त्यांच्यात फिरते. फिरायला लागल्यापासून कोण कुठल्या पायरीला चिन्ह बदलायचं विसरतं ते मला तोंडपाठ झालंय.

त्या व्हिडिओत तिसऱ्या मिनिटाला आमच्या दाराची बेल वाजते आणि मी "थांबा जरा" म्हणते. पुन्हा रेकॉर्ड करते म्हटलं तर मुलं नाही म्हणाली. आता बेल वाजली की कोपऱ्यातले पाचही जण माझ्या आधी "थांबा जरा" म्हणतात.