फाशी आणि चुकीचा निकाल: अपिले जास्त म्हणजे खात्री जास्त, असे धरावे का?

माळवेकर (इंदूर)

रामबागेतल्या आमच्या ज्येष्ठांच्या बैठकीत परवा फाशीचा विषय निघाला. सत्र न्यायालय, उच्च न्यायालयाची पुष्टी, सर्वोच्च न्यायालय, पुनर्विलोकन (म्हणजे त्या न्यायालयाने आपलाच निकाल पुन्हा तपासणे) आणि शेवटी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, इतक्या चाळण्यांतून गेल्यावर निरपराध माणूस फासावर जाणे शक्य नाही, असा बहुतेकांचा सूर होता. मला हे पटत नाही, कारण या साऱ्या चाळण्यांतून जाते ते एकच दप्तर. तपास अधिकाऱ्याने त्यात जे ठेवलेच नाही, ते वरच्या न्यायाधीशांना दिसणार कसे?

नाशिक जिल्ह्यातले 2003 चे प्रकरण पाहा. दरोडा, खून आणि बलात्कार अशा त्या भीषण गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा मजुरांना 2006 साली फाशी सुनावण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, परंतु 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. त्याच सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये सहाही जणांची निर्दोष सुटका केली. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातून चार निराळेच इसम ओळखले होते, त्यांचा तपास झालाच नाही आणि अभियोग पक्षाने ही बाब दडवली, असे न्यायालयाने नमूद केले. म्हणजे सुटकेचे कारण 2003 पासूनच उपलब्ध होते आणि तरीही तीन पायऱ्या चढूनही ते कोणाला दिसले नाही. सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. सोळा वर्षांचे पाच लाख.

निवृत्त शिक्षिका

माळवेकर, आपण निवडलेले उदाहरण विदारक आहे, पण ते सर्वत्र लागू होत नाही. 2011 साली आपल्याच इंदुरात एका मराठी घरातल्या तीन पिढ्यांतील स्त्रियांचा भरदुपारी खून झाला, तेव्हाचे वातावरण मी विसरलेले नाही. ओळखीचा आवाज ऐकू आल्याशिवाय कडी काढायची नाही, हा नियम आमच्या गल्लीतल्या घराघरांत तेव्हा आला. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये दोषसिद्धी कायम ठेवली आणि फाशी मात्र रद्द करून किमान पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. दोषाविषयी न्यायालयाला शंका नसताना शिक्षा कमी झाली, तिथे आपला चुकीच्या निकालाचा मुद्दा कामाला येत नाही. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील चौघांना 1983 साली येरवड्यात फाशी झाली, ती चूक होती असे आज कोण म्हणेल? एका प्रकारच्या खटल्यातील दोषासाठी दुसऱ्या प्रकारच्या खटल्यातील शिक्षाही काढून टाकायची, हे मला न्याय्य वाटत नाही.

जुनी सनद

मी जिल्हा न्यायालयात बरीच वर्षे फौजदारी वकिली केली आहे. दोष कुठे शिरतो ते सांगतो. आरोपी पोलीस कोठडीत ‘चाकू लपवला आहे, दाखवतो’ असे सांगतो, त्याचे निवेदन लिहिले जाते, मग पंचांसमक्ष, म्हणजे तटस्थ साक्षीदारांसमोर, चाकू निघतो आणि जप्तीचा पंचनामा होतो. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, पण वस्तू सापडली तर निवेदनाचा तेवढा भाग चालतो. त्यामुळे सारा भार पंचांवर येतो, आणि ठाण्याबाहेरचा चहावाला पाच-सहा खटल्यांत पंच असल्याचे उलटतपासणीत निघालेले मी पाहिले आहे. ही उलटतपासणी झालीच नाही, तर तो चाकू थेट दिल्लीपर्यंत ‘सिद्ध’ म्हणून जातो.

आता ती करायला वेळ किती मिळतो, तेही पाहा. शेजारच्या खंडव्यात 2013 साली एका बालिकेवरील अत्याचार आणि खुनाचा खटला तेरा दिवसांत संपवून फाशी सुनावली गेली. आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये तो निकाल रद्द केला आणि अशा खटल्यांत किमान दहा वर्षे अनुभवाचा वकील आणि तयारीला किमान सात दिवस द्यावेत, असे सांगितले. फेरसुनावणीत पुन्हा फाशी झाली. उच्च न्यायालयाने तीही रद्द केली, कारण डीएनए अहवालाच्या तज्ज्ञाला साक्षीला बोलावलेच नव्हते. 2024 मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. आपल्याच राज्यात फाशी मिळवून देणाऱ्या सरकारी वकिलांना गुण देण्याची पद्धत होती आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची दखल घेतली, हेही शिक्षिकाबाईंनी ध्यानात घ्यावे.

कान्हकाठ

वकीलसाहेब, आपण तपासाचे दोष दाखवलेत आणि औषध मात्र शिक्षेला देत आहात. खोटा पंच जन्मठेपेच्या खटल्यातही असतोच. किंबहुना मला उलट भीती वाटते. फाशी असली की उच्च न्यायालयाची पुष्टी अनिवार्य ठरते, आणि 2014 पासून पुनर्विलोकनाची सुनावणीही तीन न्यायाधीशांपुढे खुल्या न्यायालयात होते. जन्मठेपेच्या कैद्याला यातले काहीच आपोआप मिळत नाही. फाशी काढून टाका, मग हेच निरपराध लोक कोणाच्या नजरेस न येता आत कुजतील.

शिवाय, 2012 साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पाठवलेल्या पत्राचा दाखला या वादात हटकून दिला जातो. राजस्थानातील दोघांना 1996 आणि 1997 साली चुकीच्या निकालाच्या आधारे फाशी झाली, असे त्यात होते. ते दोघे निर्दोष होते, असा मात्र त्याचा अर्थ नव्हे. फाशी कधी द्यावी याविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1980 च्या बचनसिंग निकालाप्रमाणे गुन्ह्यासोबत गुन्हेगाराचाही विचार व्हायला हवा होता, तो झाला नव्हता. दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये.

माळवेकर

गल्लत मी करत नाही. आपला फरक मान्य आहे, पण त्याने मला धीर येत नाही, कारण त्या दोघांच्या बाबतीत शिक्षा चुकली एवढे सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात यायलाही 2009 साल उजाडावे लागले. जन्मठेपेबद्दल आपण म्हणता ते अर्धे खरे आहे. पुष्टीचा नियम जन्मठेपेलाही लावा, माझी हरकत नाही. परंतु खंडव्याच्या माणसाला अकरा वर्षांनी सुटायला तो जिवंत असावा लागला. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या रेल्वे बॉम्बस्फोटांतील बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतील पाच जणांना फाशीची शिक्षा झालेली होती. सरकार त्याविरुद्ध वर गेले आहे, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही.

जुनी सनद

यावर न्यायालयांनी काढलेली एक वाट आहे. 2014 च्या त्रिपुरातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या शंकेचा विचार केला. दोषसिद्धीला पुरेल इतका पुरावा असूनही मनात किंचित शंका राहत असेल, तर फाशी देऊ नये. अशी शंका शिक्षेच्या सुनावणीत प्रत्येक न्यायालयाने लेखी नोंदवावी, असे माझे म्हणणे आहे.

निवृत्त शिक्षिका

म्हणजे शंका फाशी टाळण्याइतकी खरी, पण माणसाला पंचवीस वर्षे आत ठेवण्यास आड न येण्याइतकी खोटी? वकीलसाहेब, आपल्या अशिलाला हे आपण कसे समजावले असते?