खोकल्याची उबळ आणि उलटीचीही उबळ?

प्रश्न (परभणी)
परवा रानात सोयाबीनची मळणी चालू होती. भुसकट उडालं आणि चुलत्यांना असा खोकला लागला की दोन्ही हातांनी पोट दाबून ते बांधावरच बसले. चुलती म्हणाली, "उबळ थांबंना माय, पाणी आना." त्याच रात्री लेकराला उलटी झाली, तेव्हाही तीच म्हणाली, "पुन्हा उबळ यायली त्याला." खोकला गळ्याचा, उलटी पोटाची. मग दोन्हीला एकच शब्द कसा? हा आमच्याकडचा सैल वापर आहे का?

लातूर
सैल मुळीच नाही, आमच्याकडंही दोन्हीला उबळच. रागाचीही उबळ येते. आतून एकदम उसळतं आणि आवरत नाही, ती उबळ. ठसका वेगळा, पाणी भलत्या वाटेनं गेलं की लागतो तो.

अंबाजोगाई
मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. तुमच्या चुलतीचा शब्द मला फार नेमका वाटतो. चुलत्यांनी हात गळ्याला नाही, पोटाला लावला हे पाहिलंत ना?

निवांत बसलेलं असताना श्वास सोडायला पोटाचे स्नायू लागत नाहीत. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूचा पडदा, सैल पडतं, फुगलेली फुप्फुसं आपोआप आवळतात. पोतं उचलून चढ चढलात की मेंदूच्या देठातून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी असलेल्या भागातून, पोटाला हुकूम सुटतो. श्वासपटल आत ओढतं, मग पोट बाहेर ढकलतं. मोटेच्या बैलांसारखी पाळी ठरलेली.

खोकताना आधी खोल श्वास आत जातो, स्वरयंत्राचं दार बंद होतं, पोट आवळतं, आत दाब चढतो आणि दार उघडताच हवा सुटते. उलटीत मात्र ती पाळीच मोडते. श्वासपटल आणि पोट एकाच वेळी आवळतात, दार बंदच राहतं, आणि मधे सापडलेलं जठर पिळून निघतं. हुकूम त्याच देठातून, राबणारं पोटही तेच. म्हणून दोन्हीला उबळ म्हणणं बरोबरच आहे.

आता क्रियापद बघा. उबळ ‘येते’, कुणी ती ‘करत’ नाही. कुंथतो मात्र आपण. तिथंही दम कोंडून पोटच आवळायचं असतं, पण ते ठरवून करता येतं. बाळंतिणीला सांगतात, "कळ आली की जोर कर." कळ येते, जोर करायचा असतो. कोणतं आपल्या हाती आणि कोणतं नाही, हे बाया किती अचूक बोलतात!

नांदेड
श्वास तर दोन्हीकडं बसतो. जागेपणी आपण तो ‘घेतो’, झोपलेल्या माणसाचा ‘चालू असतो’.

अंबाजोगाई
अगदी. तो चालू ठेवणारा पेशींचा छोटा पुंजका 1991 साली उंदरांच्या नवजात पिल्लांत सापडला. त्याचं नाव प्रीबॉट्झिंगर. शेजारच्या भागाला आधीच बॉट्झिंगर म्हणत, आणि ते नाव शास्त्रज्ञांच्या एका बैठकीत टेबलावर असलेल्या जर्मन वाइनच्या बाटलीवरून पडलं होतं.

परभणी
मग उचकी ‘लागते’ आणि शिंक ‘येते’, हे कसं?

लातूर
एकदा होऊन सरतं ते येतं, धरून बसतं ते लागतं. धाप लागते, उचकी लागते. खोकला येतोही आणि लागतोही. तुमच्या चुलत्यांना तो लागला होता, आणि त्यात उबळीवर उबळ येत होती.