'जागल्या' की 'खबऱ्या'?

प्रश्न : व्हिसलब्लोअरला, म्हणजे आपल्याच संस्थेतला गैरव्यवहार उघड करणाऱ्याला, मराठीत काय म्हणावं? एका अनुवादात 'खबऱ्या' वाचलं आणि खटकलं.

– खटकणारच. खबऱ्या पोलिसांचा, खबर देतो, पैसे घेतो. 'माफीचा साक्षीदार' तर मुळात आरोपीच. वर्तमानपत्रांत 'जागल्या' रुळलाय, तो वापरा.

– जागल्या म्हणजे गावात रात्रीचा पहारा करणारा. शब्द छानच, पण त्याला त्याच कामासाठी नेमलेलं असायचं आणि चोर बहुधा बाहेरून यायचा. इथे माणूस हिशेब तपासायला नाहीतर रस्ता बांधायला नेमलेला, आणि चोर वरच्या खुर्चीत. त्याने हाक मारली तर कुणी धावून येणं दूरच, त्यालाच 'घरभेदी' ठरवतात.

– 'निनावी' आणि 'नाव गुप्त ठेवून' यांतही सर्रास गल्लत होते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये महामार्गाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, ते निनावी नव्हतं. स्वतःची माहिती देऊन नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. पत्र नावासकट या खात्यातून त्या खात्यात फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. २०१४ चा व्हिसलब्लोअर संरक्षण कायदाही निनावी तक्रारीची दखल घेत नाही. नाव द्यायचं, ते गुप्त ठेवणं अधिकाऱ्याचं काम, आणि फोडलं तर ३ वर्षांपर्यंत कैद. कागदावर चोख! राष्ट्रपतींची सही झाली, पण कायदा लागू करणारी अधिसूचनाच वर्षानुवर्षं अडकली. तेव्हा बातमीत 'कायद्याचं संरक्षण आहे' असं लिहिताना जपून.

– पैशावरून फरक करू नका. अमेरिकेत १८६३ पासून कायदा आहे : सरकारला लुबाडणाऱ्यावर कुणीही दावा लावावा, वसुलीत त्याला वाटा मिळतो. तो काय खबऱ्या झाला? नोकरी गेल्यावर घर चालवायला काहीतरी लागतंच.

– मान्य, पैशाचा मुद्दा मागे घेतो. खबऱ्याचं नातं पोलिसांशी, जागल्याचं लोकांशी, एवढं धरू.

– आणि बाईला काय म्हणणार? एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीतल्या शेरॉन वॉटकिन्स यांनी ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना हिशेबातल्या लबाडीबद्दल आधी निनावी पत्र लिहिलं, मग नावानिशी जाऊन भेटल्या. 'जागल्या म्हणाल्या' हे आदरार्थी खपून जातं, 'जागल्या म्हणाली' वाचवत नाही. मी सरळ 'गैरव्यवहार उघड करणारी' लिहिते. लांब आहे, पण अडत नाही.